लोखंडाच्या मुलुखांत पाहण्याजोगें

काशीस गेल्यावर काय पाहावें, हें आमच्या घरांतून कोणास शिकवावें लागत नाहीं. रामेश्वर, जगन्नाथपुरी, महाबळेश्वर यांविषयींहि तेंच. परंतु ज्या गांवाचें नांव केवळ त्याच्या पोटांतील द्रव्यामुळें लोकांच्या कानीं येतें, तेथें जाऊन काय पाहावें, हा प्रश्न कोणी मनावर घेतल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. दिगबोई म्हटलें कीं तेल, झरिया म्हटलें कीं कोळसा, जमशेदपूर म्हटलें कीं पोलाद, येथवर येऊन आमचा भूगोल थांबतो. अशा गांवीं आमचीं मुलें नोकरीस जातात, पैसा पाठवितात, आणि घरीं कळवितात कीं, तेथें पाहण्यासारखें कांहीं नाहीं. या एका वाक्याविषयीं आम्हांस चार शब्द सांगावयाचे आहेत.

निमित्त घरगुतीच झालें. आमचें बिऱ्हाड नागपुरास. एका चुलीवर चौदा पानें. थोरल्या बंधूंचा मुलगा खाणकामाचा अभियंता असून गेलीं तीन वर्षें गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यांत, सुरजागडच्या लोहखनिजाच्या मुलुखांत, नोकरीस आहे. घराच्या वरच्या मजल्याचें कर्ज त्याच्या पगारांतून फिटत आहे व धाकट्या पुतणीच्या शिक्षणाचा खर्चहि त्यांतूनच चालतो. आमच्या मातोश्रींचें वय ७८. ज्या गांवचें अन्न आपण खातों, तें गांव डोळ्यांनीं पाहिल्यावांचून आपणांस चैन पडणार नाहीं, असें त्यांनीं गेल्या मार्गशीर्षांत एकदां पंक्तींत सांगितलें. नातवाचें उत्तर ठरलेलें: "आजी, इथें धूळ आणि ट्रक यांशिवाय कांहीं नाहीं." त्यावर मातोश्री म्हणाल्या, "असूं दे. धुळीला का नमस्कार करतां येत नाहीं?" मग बोलणेंच खुंटलें. पौषांतील थंडी अंगास मानवते म्हणून तो महिना ठरविला, आणि लहानमोठीं मिळून आम्ही नऊ माणसें दोन मोटारींतून निघालों.

पहिला मुक्काम चंद्रपूर. १९६४ पर्यंत याचें नांव चांदा असें होतें, आणि १९८२ च्या ऑगस्टांत वेगळा होईपर्यंत गडचिरोलीचा सर्व अरण्यप्रदेश याच जिल्ह्यांत मोडे. त्यामुळें तिकडे जाणाऱ्यानें आधीं येथें उतरणें योग्यच. शहर कोळशाचें. येथील महाऔष्णिक वीजकेंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. त्याचीं धुरांडीं लांबून दिसूं लागतात, व महाराष्ट्रांत ज्याच्या घरीं दिवा लागतो तो थोडाबहुत या धुराचा ऋणी असतोच. परंतु प्रवाशानें धुरांड्यांवरून दृष्टि खालीं आणावी. गोंड राजांनीं बांधलेला परकोट आजहि शहरास वेढून उभा आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा व अंचलेश्वर हीं त्याचीं चार द्वारें. त्यांच्या कमानींखालून आतां मोटारी जातात. या तटावर झाडेंझुडपें माजलीं होतीं. २०१७ सालापासून इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनीं शेंकडों दिवस श्रमदान करून तो मोकळा केला. आज त्या तटावरून फिरतां येतें, तें त्या मुलांच्या घामामुळें.

अंचलेश्वराच्या देवळाशेजारीं गोंड राजांचीं समाधिमंदिरें आहेत. त्यांतील मोठें बीरशहाचें; तें त्याच्या पत्नीनें, राणी हिराईनें, बांधविलें. पतीनें पत्नीसाठीं बांधलेली कबर पाहण्यास आम्ही आग्र्यापर्यंत जातों. पत्नीनें पतीसाठीं उभारलेलें हें स्मारक नागपुरापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर असून आमच्या वहिनींनीं त्याचें नांवहि ऐकलें नव्हतें! त्या तेथें बराच वेळ उभ्या राहिल्या. महाकालीचें देऊळ जवळच. चैत्रांत येथें मोठी यात्रा भरते व मराठवाड्यांतून हजारों भाविक येतात. तुरुंगाच्या आवारांतील पिंपळहि प्रसिद्ध आहे. २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं इंग्रज सरकारनें वीर बाबूराव शेडमाके यांस येथें फांशीं दिलें. शहराच्या कडेस लालपेठेंत दशमुखी दुर्गेची प्रचंड पाषाणमूर्ति व तिच्या सोबतच्या इतर मूर्ति उघड्यावरच आहेत. कोणा रायप्पा नांवाच्या धनिकानें मोठें देवालय योजिलें, पण तें पुरें होण्यापूर्वींच तो वारला, असें सांगतात. लालपेठेंत कोळशाची खाणहि आहे. भूमींतून काढलेली संपत्ति देशभर गेली, आणि भूमीवर घडविलेली देवता मात्र जेथल्या तेथें, हें पाहून आमच्या बंधूंस मोठी मौज वाटली.

चंद्रपूर सोडतांना एक जुनी हकीकत वाचकांस सांगण्याजोगी आहे. १८८२ सालीं रिटर फॉन श्वार्त्झ या जर्मन तज्ज्ञाचा मध्यप्रांतांतील लोखंडाविषयींचा अहवाल जमशेटजी टाटांच्या हातीं पडला. चांदा जिल्ह्यांतील लोहाऱ्याचें खनिज उत्तम, व वरोऱ्याचा कोळसा जवळ. तेव्हां पोलादाचा कारखाना येथेंच काढावा, असें त्यांच्या मनानें घेतलें. परंतु वरोऱ्याचा कोळसा त्या कामीं निरुपयोगी ठरला, बेत फसला, आणि पुढें १९०७ सालीं स्थापन झालेल्या कंपनीनें दूर साकची गांवीं कारखाना उभारला. त्याच साकचीचें १९१९ सालीं जमशेदपूर झालें. म्हणजे एका कोळशाच्या गुणदोषामुळें चांद्याचें जमशेदपूर होतां होतां राहिलें! आणि वरोऱ्याची ती खाण? ती १९०६ सालींच बंद पडली. आज वरोऱ्याचें नांव जगांत आहे तें कोळशामुळें नव्हे; १९४९ सालीं बाबा आमट्यांनीं कुष्ठरोग्यांस घेऊन तेथें ओसाड रानांत जें आनंदवन वसविलें, त्यामुळें. ही गोष्ट आम्हीं मनांत बांधून ठेविली. तिचा उपयोग पुढें झाला.

मुलावरून चामोर्शीस जातांना वैनगंगा ओलांडावी लागते. चामोर्शीजवळ मार्कंडा हें क्षेत्र आहे. वैनगंगा येथें वळून उत्तरेकडे वाहूं लागते, म्हणून या स्थानास विदर्भाची काशी म्हणतात. नदीच्या अगदीं कांठावर देवळांचा समूह; भिंतींवर देवदेवता, गंधर्व, पशु, पक्षी यांचें इतकें दाट व नाजूक कोरीव काम कीं, मुलांनीं हत्ती मोजण्यास आरंभ केला व मध्येंच नाद सोडला. महाशिवरात्रीस येथें मोठी यात्रा असते. आम्ही गेलों तेव्हां गर्दी नव्हती. मातोश्रींनीं नदींत पाय बुडवून अर्घ्य दिलें. त्याच वेळीं मागच्या रस्त्यानें लाल मातीनें माखलेले ट्रक एकामागून एक जात होते. सुरजागडच्या वाटेची ही पहिली खूण.

पुढें आष्टीजवळ चपराळ्याचें अभयारण्य लागतें. तेथें वर्धा आणि वैनगंगा एकत्र होतात व त्यांचें नांव प्राणहिता होतें. यानंतर आलापल्लीपर्यंत दुतर्फा साग. गडचिरोली जिल्ह्याची दोन तृतीयांशाहून अधिक भूमि अरण्यानें व्यापिलेली आहे, हें आम्हीं पुस्तकांत वाचलें होतें. पण तासन् तास मोटार चालावी आणि झाडें संपूं नयेत, हा अनुभव वाचून येत नाहीं. रात्रीं आलापल्लीस राहिलों.

आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्यावर वनवैभव नांवाचें सुमारें सहा हेक्टरांचें रान मुद्दाम राखून ठेविलें आहे. तेथें कुऱ्हाड लावावयाची नाहीं व पडलेलें झाडहि उचलावयाचें नाहीं, असा दंडक आहे. २०१४ सालीं या जागेस जैवविविधता वारसास्थळाचा मान मिळाला. महाराष्ट्रांतील तें पहिलेंच. आंत शिरतांच उजेड हिरवा होतो. सागाच्या एका बुंध्यास आमच्या घरच्या चार मुलांनीं हात धरून मिठी घातली तेव्हां कोठें कडें पुरें झालें. येथें करावयाचें असें कांहींच नाहीं. तासभर न बोलतां उभें राहावें, एवढेंच. एकत्र कुटुंबांतील मुलांस ही विद्या फार आवश्यक आहे, असें आमच्या वहिनींचें मत पडलें.

याच रस्त्यानें पुढें हेमलकसा. बाबा आमट्यांनीं १९७३ सालीं येथें लोकबिरादरी प्रकल्प आरंभिला, आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे या दांपत्यानें येथेंच राहून, वीज नाहीं व वाट नाहीं अशा रानांत, माडिया लोकांच्या रोगांवर औषध व मुलांसाठीं शाळा उभी केली. २००८ सालीं त्यांस मॅगसेसे पारितोषिक मिळालें. अनाथ वन्य पशूंचा सांभाळहि तेथें होतो, आणि मुलांचें लक्ष साहजिकच तिकडे अधिक. परंतु मोठ्यांनीं दवाखान्याच्या ओट्यावर घटकाभर बसावें. कोस दोन कोस चालून आलेली आई मूल मांडीवर घेऊन बसलेली असते. तिच्या मुद्रेवर जो भरंवसा दिसतो, तो कोणत्याहि प्रेक्षणीय स्थळाहून प्रेक्षणीय आहे. मात्र तो पाहावा, त्याचें छायाचित्र घेऊं नये. हेमलकशापासून भामरागड अगदीं जवळ. इंद्रावती, पामुलगौतमी व पर्लकोटा या तीन नद्या तेथें मिळतात, आणि पलीकडच्या तीरावर छत्तीसगडचें रान दिसतें. सूर्यास्त तेथेंच पाहावा, पण परतीची वाट अंधाराआधीं धरावी.

ज्यांस आणखी दोन दिवस सवड असेल त्यांनीं कमलापूरचे सरकारी हत्ती पाहावे, व तसेंच दक्षिणेस सिरोंचा तालुक्यांत जावें. वडधम येथें जीवाश्मांचें उद्यान आहे. याच तालुक्यांत पोचमपल्लीजवळ कोट्यवधि वर्षांपूर्वींच्या एका अजस्र प्राण्याचीं हाडें सांपडलीं. मांडीचें हाडच माणसाच्या उंचीएवढें. म्हणून शास्त्रज्ञांनीं १९७५ सालीं त्याचें नांव बारापासॉरस, म्हणजे मोठ्या पायाचा सरडा, असें ठेविलें, व त्यास रवींद्रनाथ टागोरांचें नांवहि जोडलें. त्याचा सांगाडा कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत उभा आहे. या भूमीच्या पोटांत लोखंडच आहे असें नव्हे, हें मुलांस समजावून देण्यास एवढें पुरे.

तिसऱ्या दिवशीं एटापल्लीस पोहोंचलों. पुतण्या वाटेवरच उभा होता. गांव तालुक्याचें, कचेऱ्या, शाळा, दुकानें, चहाच्या टपऱ्या, सर्वांवर लाल धुळीचा हात फिरलेला. त्यानें सांगितलें तें खोटें नव्हतें. परंतु त्या दिवशीं नेमका आठवडी बाजार होता. रानांतल्या गांवांहून माडिया बायामाणसें पहांटेच निघून आलीं होतीं. बांबूच्या टोपल्या, गवताच्या केरसुण्या, मध, उडीद, बोरें, वाळलेली मासळी, काखोटीस मारलेले कोंबडे, आणि पानाच्या द्रोणांत चारोळी. चारोळी पाहतांच आमच्या वहिनी थबकल्या. बासुंदीवर आपण ही सढळ हातानें पेरतों. ती कोठून येते हें कोणी पुसत नाहीं. पूर्वीं व्यापारी एक माप मीठ देऊन एक माप चारोळी नेत, असें त्या मुलुखांतील जुनीं माणसें सांगतात. टणक कवच फोडून एकेक दाणा काढावयाचा. मीठ मात्र समुद्रांतून फुकटाचें! तें ऐकल्यावर वहिनींनीं घासाघीस न करतां सांगितलेला भाव मोजला. आमच्या घराण्याच्या इतिहासांत ही गोष्ट प्रथमच घडली.

पुतण्याच्या मोटारीचा चालक तेथलाच, आश्रमशाळेंत शिकलेला माडिया तरुण. त्यानें आम्हांस आपल्या गांवीं नेलें. अंगण शेणानें सारवलेलें, कुंपण बांबूचें, आणि घराबाहेर एकहि कपटा पडलेला नाहीं. त्याच्या वडिलांनीं "जोहार" करून बाज टाकली व गोरग्याची ताडी पुढें केली. गोरगा म्हणजे माडासारखें एक झाड. त्याची ताडी पाहुण्यास देणें हा तेथील मोठा मान. आतां आमच्यापुढें पेंच पडला. आमच्या बंधूंनीं भांडें दोन्ही हातांनीं घेतलें, कपाळास लावलें, व आमच्या घरीं ही रीति नाहीं, पण मान पोहोंचला, असें सांगून परत दिलें. म्हातारा प्रसन्नपणें हंसला. मातोश्रींचें सोंवळें सर्वांस ठाऊक. त्यांनीं पुढें आलेलीं बोरें पदरांत घेतलीं आणि तेथेंच एक तोंडांत टाकलें. शबरीची गोष्ट त्यांस आठवली असेल. पण त्या कांहीं बोलल्या नाहींत, हें आम्हांस फार आवडलें. उपमा देऊन आपण माणसास लहान करतों, हें त्यांस न शिकतां कळतें.

सुरजागड तेथून कांहीं कोसांवर. डोंगराची रांग लांबून निळी दिसते व जवळ गेल्यावर एका बाजूनें तांबडी. हा डोंगर ठाकुरदेवाचा. दर वर्षीं जानेवारीच्या आरंभीं येथें त्याची यात्रा भरते. आसपासच्या गांवांतून व छत्तीसगडांतूनहि लोक आपापल्या देवांसह येतात. त्याच डोंगरांत उत्तम प्रतीचें लोहखनिज आहे. २००७ सालीं सुमारें ३४८ हेक्टरांचा खाणपट्टा मंजूर झाला. पुढें काम सुरू झालें. २०१६ च्या डिसेंबरांत नक्षलवाद्यांनीं तेथील बरींच वाहनें जाळलीं. २०२१ पासून खोदकाम पुन्हां वेगानें चालूं आहे. जुलै २०२५ पासून हेडरी येथें दळलेलें खनिज नळीवाटे थेट कोनसरीच्या कारखान्यास नेण्याचीहि सोय झाली. खाणींत पाहुण्यांस जातां येत नाहीं. आम्हीं रस्त्यावरूनच पाहिलें. डोंगराच्या अंगावर पायऱ्या पाडल्या होत्या, आणि त्यांवर यंत्रें मुंग्यांसारखीं हालत होतीं.

मातोश्रींनीं चालकास विचारलें, "देवाचं देऊळ कुठं आहे रे बाबा?" तो म्हणाला, "आजी, डोंगर हाच देव. देवाला देऊळ कशाला?" मातोश्री बराच वेळ डोंगराकडे पाहत राहिल्या. आमचें कुलदैवत माहूरची रेणुका. थोड्या वेळानें त्यांनीं नातवास हळूच विचारलें, "उद्यां माहूरच्या डोंगरांत लोखंड निघालं, तर तिथं नोकरी धरशील का रे?"

पुतण्या एकदम कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "आजी, मी नाहीं धरली तर दुसरा धरील. आणि लोखंड कुणाला नको आहे? आपल्या वरच्या मजल्याच्या छतांतहि तेंच आहे." हें उत्तर उद्धट नव्हतें, खरें होतें, व तें सांगतांना त्यास जड गेलें. आम्हांपैकीं कोणासहि त्यावर बोलण्याचें धैर्य झालें नाहीं. जो मजला आम्हीं हौसेनें चढविला, त्याच्या खालीं हा डोंगर होता, हें तोंवर आमच्या ध्यानांत आलें नव्हतें इतकेंच. चालकास आम्हीं त्याचें मत विचारलें. त्यानें सांगितलें कीं, त्याची आई याच डोंगरावर चारोळी व मोह वेंचीत असे, आतां त्या बाजूस जातां येत नाहीं. आणि त्याची बहीण गेल्या वर्षीं अडली असतां याच नव्या रस्त्यानें तासाभरांत दवाखान्यांत पोहोंचली, पूर्वीं तिला बाजेवर घालून न्यावें लागलें असतें. दोन्ही गोष्टी त्यानें एकाच स्वरांत सांगितल्या. याच तालुक्यांतील गर्देवाडा व वांगेतुरी यांसारख्या दूरच्या गांवांकडे एस. टी. ची पहिली गाडी १ जानेवारी २०२५ रोजीं गेली. ज्यांच्या दारीं स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनीं गाडी येते, त्यांस रस्ता नको असें नागपुरांत बसून सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. तसाच, देवाचा डोंगर द्या, असें सांगण्याचाहि नाहीं.

त्या रात्रीं आम्हांस बाकूची गोष्ट आठवली. कास्पियन समुद्राच्या कांठचें बाकू हें तेलाचें जगप्रसिद्ध शहर. त्याजवळ सुराखानी येथें भूमींतून आपोआप ज्वाला निघत. सतराव्या व अठराव्या शतकांत हिंदुस्थानचे व्यापारी व साधु तिकडे जात. त्यांनीं त्या ज्वालेभोंवतीं देवालय बांधलें, आणि गणेशाच्या नमनानें आरंभ होणारे देवनागरी लेख तेथील भिंतींवर आजहि आहेत. पुढें आसपास तेल व वायु यांचा उपसा झाला, आणि ती ज्वाला विझली. १९७५ सालीं तेथें वस्तुसंग्रहालय झालें. प्रवासी अद्यापि जातात, आणि त्यांस अग्नि दिसतोहि. पण तो नळानें आणलेल्या वायूवर पेटविलेला असतो. देव गेला, देखावा राहिला.

आतां बाकू व वरोरा हीं दोन्ही गांवें शेजारीं ठेवून पाहावीं. खनिज हें सरणारें द्रव्य आहे. बाकूची ज्वाला विझली, वरोऱ्याची खाण मिटली, सुरजागडचें लोखंडहि कधीं तरी सरेल. त्यानंतर एटापल्लीस काय पाहण्याजोगें उरेल, हें भूगर्भावर अवलंबून नाहीं. वरोऱ्यास माणसांनीं माणसांसाठीं कांहीं उभें केलें, म्हणून तें गांव उरलें. एटापल्लीस उभें करावें लागेल असें नव्हे. तेथें तें आधींपासूनच आहे. पाहुण्यास ताडीचा मान देणारें अंगण आहे, कुऱ्हाडीवांचून राखलेलें रान आहे, देवळावांचून पूजिलेला डोंगर आहे. खणणारांनीं व जमिनीच्या धन्यांनीं मिळून यांतील काय राखावें, हें ठरविण्यांत त्या धन्यांचें मत शेवटीं न विचारतां आधीं विचारलें जावें, एवढेंच आमचें मागणें. आणि जे आम्ही त्या लोखंडावर मजले चढवितों, त्यांनीं एकदां तरी तेथें जाऊन डोंगरास तोंड दाखवावें, हें आमचें कर्तव्य.

जाणारांसाठीं थोड्या सूचना. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचा काळ उत्तम. पावसाळ्यांत नद्यांना पूर येऊन भामरागडची वाट अडते. हिंवतापाचा प्रदेश आहे, तेव्हां मच्छरदाणी बरोबर असावी व लांब बाह्यांचे कपडे घालावे. परतल्यावर ताप आल्यास कोठें जाऊन आलों तें वैद्यास आधीं सांगावें. नेलेला कचरा परत आणावा. माणसांचें किंवा देवाचें छायाचित्र विचारल्यावांचून घेऊं नये. तरुणांच्या गोटुलाविषयीं चौकसपणा करूं नये. आपल्या देवघरांत परक्यानें डोकावलेलें आपणांस आवडत नाहीं. बाजारांत भाव पाडूं नये. आणि "जोहार" हा शब्द आधीं आपण उच्चारावा.

पुतण्या अद्यापि तेथेंच आहे. नोकरी सोडावी असें आम्हीं त्यास सांगितलें नाहीं, व तें प्रामाणिकपणाचेंहि झालें नसतें. परंतु तीन वर्षें ज्यांच्यांत राहिला त्यांची बोली त्यास येत नव्हती. ती आतां तो चालकापासून शिकतो आहे. दर रविवारीं मातोश्री त्यास दूरध्वनीवर विचारतात, "या आठवड्यांत किती शब्द झाले?" आणि तो सांगेल तो शब्द त्या आपल्या जपाच्या वहींत लिहून ठेवतात.